एपिक्युरस पळपुटा होता का?

निवांत_गडी
"एपिक्युरस म्हणजे खा, प्या, मजा करा" हे इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायलाही होत नाही. ज्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाने मित्राला पत्र लिहून चीजचं एक छोटं भांडं मागवलं, का तर मनात आलं की मेजवानी करता येईल, तो कसला डोंबलाचा चैनी. अंग दुखत नाहीये आणि डोक्याला ताप नाहीये, की झालं त्याचं सुख. पण मला बोलायचंय ते दुसऱ्या आरोपाबद्दल, की हा समाजाकडे पाठ फिरवून बसला, 'लपून जगा', राजकारणात पडू नका असं शिकवायचा. मला हे पटत नाही. काळ बघा ना. जन्म इ.स.पू. ३४१, सामोस बेटावर, अथेन्सहून तिथे वस्तीला गेलेल्या घरात. ३२३ ला अलेक्झांडर गेला, त्याचे सरदार आपसात भिडले आणि थोड्याच दिवसांत सामोसवरच्या अथेन्सवाल्यांना हाकललं, त्यात याचं कुटुंबही आलं. अथेन्समध्ये एका सेनापतीने लोकशाही मोडायची, दुसऱ्याने येऊन परत बसवायची असं चाललेलं. अशात ३०६ च्या सुमाराला हा तिथे येतो, ८० मिना (तेव्हाचं पैशाचं माप) मोजून बाग घेतो, तत्त्वज्ञानाची शाळा काढतो आणि बायकांना, गुलामांनाही आत घेतो. निर्णय जर कुठल्यातरी सेनापतीच्या तंबूत होणार असतील तर सभेत जाऊन घसा बसवण्यापेक्षा माणसांनी एकमेकांना धरून नीट जगणं हे समाजकारण का नाही?

खडूसकाका
गड्या, सोसायटीच्या मीटिंगला कधी यायचं नाही पण लिफ्ट रोज वापरायची, याला तू समाजकारण म्हणणार असशील तर बोलणंच संपलं. त्या बागेची मालकी टिकली कशावर? तर नगराच्या कायद्यावर. मृत्युपत्रात तो स्वतः म्हणतो की दानपत्र मेट्रोऑनमध्ये म्हणजे अथेन्सच्या सरकारी दफ्तरात नोंदवलंय. शाळेचा वारस हर्मार्कस पडला मितिलिनी या दुसऱ्या नगराचा, परका, म्हणून बाग दोन नागरिकांच्या नावावर केली. म्हणजे नागरिकत्वाचे कागद बरोब्बर वापरायचे आणि नागरिकाचं काम मात्र दुसऱ्याने करायचं. आणि लपून जगा म्हणणाऱ्याने पुस्तकांच्या सुमारे ३०० गुंडाळ्या लिहून ठेवल्या हेही भारीच. प्लुटार्क या नंतरच्या ग्रीक लेखकाने यावरून त्याची यथेच्छ टर उडवलीय, 'लपून जगा' हे वाक्यसुद्धा प्रसिद्ध व्हायलाच लिहिलं म्हणून.

निवांत_गडी
काका, लिफ्टचं मेंटेनन्स भरलं होतं हो त्याने 😄 अठराव्या वर्षी नागरिकांच्या पोरांना जे लष्करी शिक्षण असायचं ते त्याने अथेन्सला येऊन केलं. आणि राजकारण कधीच नाही असंही तो म्हणत नव्हता. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने फरक छान सांगितलाय, स्टोइक (दुसऱ्या पंथाचे तत्त्वज्ञ) म्हणतात शहाण्याने सार्वजनिक कामात पडावं, काही अडथळा आला तरच थांबावं, आणि एपिक्युरस म्हणतो पडू नये, पण तशीच वेळ आली तर पडावं. आता वेढ्याची गोष्ट ऐका. २९५-२९४ ला डिमीट्रियस नावाच्या सेनापतीने अथेन्सला वेढा घातला, शहर उपाशी, तेव्हा एपिक्युरसने आपल्या माणसांना घेवड्याचे दाणे मोजून वाटून जगवलं. हे सांगतो कोण तर तुमचा तोच प्लुटार्क, जो त्याचा कट्टर विरोधक. पळपुटा असा वागतो का?

खडूसकाका
आपल्या माणसांना ना? तेच म्हणतोय मी.

चहाबाज
मध्येच घुसतो. रोमच्या सीझरला मारणाऱ्यांतला कॅशियस एपिक्युरसवालाच होता. सगळेच काही बागेत बसून राहिले नाहीत. चालू द्या.

तिरकी_रेघ
राजकारण सोडा, मला त्याच्या न्यायाबद्दलच शंका आहे. त्याच्या मते न्याय म्हणजे आभाळातून पडलेली वस्तू नाही, 'मी तुला त्रास देत नाही तू मला देऊ नको' असा माणसांनी केलेला करार. आणि एखादा कायदा लोकांच्या उपयोगाचा राहिला नाही की तो न्याय्यही राहत नाही. इथवर मस्तच, आजही कामाला येईल असं. पण पुढे तो म्हणतो अन्याय मुळात वाईट नाही, पकडले जाऊ ही धास्ती वाईट, हजारदा सुटलात तरी मरेपर्यंत खात्री नाही. म्हणजे ज्याला धास्तीच वाटत नाही अशा निर्ढावलेल्या माणसाला हा काय सांगणार? आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे जे करार करू शकत नाहीत त्यांच्याबाबत न्याय-अन्याय काहीच नाही असं त्याचं स्पष्ट वचन आहे, प्राण्यांबद्दल आणि करार न करू शकणाऱ्या किंवा न करणाऱ्या लोकांबद्दलही. मग गुलामाने कोणाशी कधी करार केला होता? बागेत येऊ दिलं म्हणून टाळ्या वाजवायच्या, पण ती त्याच्या वैयक्तिक चांगुलपणाची गोष्ट झाली, त्याच्या तत्त्वात ती बसते कुठे ते दाखवा.

निवांत_गडी
हा प्रश्न खरा आहे. माझं म्हणणं असं की ॲरिस्टॉटल म्हणतो काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, एपिक्युरसच्या करारात असा निसर्गाचा आधार उरतच नाही, गुलामी फक्त एक माणसांनी केलेली व्यवस्था राहते आणि व्यवस्था उपयोगाची राहिली नाही की बदलता येते. ॲरिस्टॉटलने लावलेलं कुलूप याने निदान काढून ठेवलं. आणि मृत्युपत्रात त्याने मीस वगैरे चार गुलामांना मोकळंही केलंय, त्यात फेद्रिऑन नावाची बाईसुद्धा आहे. मीस तर त्यांच्यासोबत तत्त्वज्ञान करायचा.

तिरकी_रेघ
मेल्यावर मोकळं केलं. जिवंत असेपर्यंत राबवलं. कुलूप काढलं म्हणतोस पण दार स्वतः उघडलं नाही ना, आणि उपयोगाची कोणाला हे कोण ठरवणार, मालकच.

मुक्ता_वाचते
मृत्युपत्र काढलंच आहे तर पुढचंही वाचा. मित्र मेट्रोडोरस आधीच वारलेला, त्याच्या मुलांची सोय एपिक्युरसने केली, मरताना मूतखड्याने हाल होत असतानाही शेवटच्या पत्रात त्यांची काळजी घ्या असं लिहिलं, इथे मला तो फार आवडतो. पण त्याच मृत्युपत्रात मेट्रोडोरसच्या मुलीचं लग्न हर्मार्कस ठरवेल, नवरा शाळेतल्याच लोकांतून निवडेल, अट काय तर पोरगी नीट वागली आणि हर्मार्कसच्या आज्ञेत राहिली पाहिजे. मुलालाही चांगलं वागायची अट आहे, पण त्याने कोणाशी लग्न करायचं ते कोणी ठरवत नाहीये. बायकांना बागेत प्रवेश होता हे सगळे कौतुकाने सांगतात, तत्त्वज्ञान शिकलेल्या बायका होत्या हेही खरं, मग या मुलीला कोणी विचारलं का की बाई तुझं सुख कशात आहे?

खडूसकाका
मुक्ताताई, हे मला माहीतच नव्हतं. गडी, बोल आता.

निवांत_गडी
बोलतो की. अथेन्समध्ये बाप नसलेल्या मुलीचं लग्न कोणीतरी पुरुषच ठरवायचा, कायदाच तसा होता, त्यामुळे मृत्युपत्रात कोणाचं तरी नाव घालणं भाग होतं. आज्ञेत राहण्याची अट मात्र कायद्याने घालायला लावलेली नव्हती, ती याची स्वतःची. तेवढ्याचा बचाव मी करणार नाही. घेवड्याच्या दाण्यांचं मात्र अजून कोणी उत्तर दिलेलं नाहीये.

खडूसकाका
दिलं की, तीन शब्दांत.