मदत हवी आहे: नवी टर्बो परफॉर्मन्स कार – रिमवर तपकिरी ठिपके, स्टिअरिंगला थरथर आणि जोर मागितला की मिसिंग

तिसरागिअर

नमस्कार मंडळी,

गाडी २.० लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ७ गिअरचा ड्युअल क्लच, ऑल व्हील ड्राइव्ह. १९ इंची डायमंड कट अलॉय, टायर २३५/३५. रीडिंग २४०० किमी. इंजिन, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एक्झॉस्ट सगळं मूळचंच आहे, बाहेरचं काहीही बसवलेलं नाही. प्रश्न असे:

१. पुढच्या रिमवर बारीक तपकिरी ठिपके बसलेत. शाम्पूने धुतल्यावर काळी पूड जाते, ठिपके जात नाहीत. घासायची भीती वाटते.

२. ९५ ते ११५ च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. त्याच्या खाली नाही, वरही जवळपास नाही. ब्रेक लावला तरी थरथर वाढत नाही.

३. गाडी धुऊन उभी ठेवली की दुसऱ्या दिवशी पहिल्या ब्रेकला खरखर. शिवाय थंड गाडी स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्क करताना पुढची चाकं घसटून उडी मारल्यासारखी वाटतात.

४. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमच्या पुढे पूर्ण रेस दिली की झटके बसतात, इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि मग नुसता पेटून राहतो. सावकाश चालवली तर गाडी लोण्यासारखी चालते.

५. ऑइल मॅक्सवरून मध्यावर आलंय.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: नवीन गाडी आहे, सेट होईल. यातलं खरंच सेट होणारं काय आणि अंगावर काढू नये असं काय?

बूस्टगेज

आधी चौथा प्रश्न. बाकीचे चार थांबू शकतात, हा नाही.

इंजिनचा दिवा स्थिर पेटणं आणि लुकलुकणं यांचे अर्थ वेगळे आहेत. लुकलुकतो तेव्हा ईसीयू सांगत असतो की मिसफायर (सिलिंडरमध्ये नीट पेट न होणं) इतका आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) खराब होईल. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी वितळते, आणि छोट्या पार्टची कुरकुर महागड्या पार्टवर जाते. दिवा लुकलुकला की लगेच रेस सोडा. निदान होईपर्यंत पूर्ण रेस बंद, लॉन्च कंट्रोल (उभी गाडी एकदम जोरात सोडायची सोय) बंद.

आता तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट: हळू चालवली तर काही नाही, जोर मागितला की मिसिंग. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढला की सिलिंडरमधली हवा दाट होते आणि त्या दाट हवेतून ठिणगी उडवायला कॉइलला (प्लगला वीज देणाऱ्या भागाला) जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल कमकुवत असेल, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढा तडा असेल किंवा प्लगचं अंतर जास्त असेल, तर वीज सोप्या वाटेने बाहेरूनच पळते. कमी लोडवर तोच प्लग बिनतक्रार चालतो. म्हणून पहिला संशय इग्निशनवर, दुसरा बूस्ट गळतीवर. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साठते हे खरं, पण ती हजारो किलोमीटरची गोष्ट आहे. २४०० किमीला कोणी ती साफ करायला सांगितली तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

क्रम असा ठेवा. ओबीडी स्कॅनर (ईसीयूला जोडून दोष वाचणारं यंत्र) लावून कोड वाचा आणि पुसू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, कूलंटचं तापमान किती. कोड पुसला की तीही जाते, आणि मग दोष पुन्हा येईपर्यंत सर्व्हिस सेंटरच्या मशीनवर दाखवायला फारसं काही उरत नाही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०० म्हणजे एकाच सिलिंडरवर बोट ठेवता न येणारा. पी०२९९ आला तर मागितला तेवढा बूस्ट मिळत नाहीये. स्क्रीनचा फोटो काढा आणि इथे टाका.

नटबोल्ट

बूस्टगेज यांना +१. चाकांचं मी घेतो.

ठिपके म्हणजे लोखंड. ब्रेकचे पॅड आणि डिस्क झिजून निघालेले गरम कण लॅकरवर चिकटतात आणि तिथेच गंजतात. शाम्पू त्यांना सोडवत नाही, आणि स्पंज दाबून घासला तर तेच कण लॅकरवर ओरखडे काढतात. यावर उपाय आयर्न रिमूव्हर. बाटलीवर पीएच न्यूट्रल लिहिलेलं बघून घ्या. ॲसिडवाले व्हील क्लीनर डायमंड कटवर अजिबात नको. तिथे पेंट नाही, लेथवर कातलेलं उघडं ॲल्युमिनियम आणि वर फक्त पारदर्शक लॅकर आहे.

रिम हाताला गार लागली पाहिजे, गाडी सावलीत. आधी साध्या पाण्याने सुटी पूड घालवा. मग एका वेळी एकाच चाकावर स्प्रे करा. दोन मिनिटांत ठिपक्यांभोवती जांभळे ओघळ दिसायला लागतात, ती लोखंडाशी झालेली प्रक्रिया. तीन ते पाच मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मऊ ब्रश स्पोकच्या मागेही फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. वास उग्र असतो, हातमोजे घाला. दुसऱ्यांदाही जांभळं आलं तर अजून एकदा करा, पण त्याच दिवशी तिसऱ्यांदा नको. उरलेले काळे ठिपके बहुधा डांबराचे असतात, त्यांना टार रिमूव्हर. चाकांची बादली आणि मिट बॉडीच्या कामाला कधीही वापरू नका.

स्वच्छ झाल्यावर व्हील सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग द्या. कण बसतील, पण पुढच्या वेळी शाम्पूनेच निघतील. आणि प्रत्येक धुण्याच्या वेळी रिमच्या कडेला दगडाचे टोचे शोधा. डायमंड कटचा खरा शत्रू ब्रेकची पूड नव्हे, हा टोचा. त्यातून पाणी लॅकरखाली शिरतं आणि अळीच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेषा आत पसरतात. पसरल्यावर वरून काहीही लावून जात नाहीत. रिम पुन्हा कातावी लागते, आणि कातताना दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे ते एक-दोनदाच जमतं. टोचा ताजा असताना पूर्ण सुकवून लॅकरचा थेंब ठेवला की काम भागतं.

आता थरथर. ब्रेक लावून वाढत नाही म्हणजे डिस्कवरचा संशय मागे पडला. स्टिअरिंगमध्ये जाणवते म्हणजे पुढची चाकं, सीटमध्ये जाणवली असती तर मागची. ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येते म्हणजे बॅलन्स किंवा वाकलेली रिम. रिमच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून बघा. बॅलन्सिंगची वजनं तिथे चिकटवलेली असतात. धुळीच्या थरात एखादा स्वच्छ चौकोन आणि त्यावर गोंदाचा माग दिसला, तर तिथलं वजन पडलंय. जेटवॉशने असं सर्रास होतं.

सगळी वजनं जागेवर असतील तर बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवून आतली कड डुलते का ते बघायला सांगा. ३५ प्रोफाइलचा बुटका टायर खड्ड्याचा धक्का गिळत नाही, तो सरळ रिमला देतो. वाकते ती बहुतेक वेळा आतली कड, आणि बाहेरून काही दिसत नाही. दुकानदार थेट वजन लावायला लागला तर थांबवा. वाकड्या रिमवर वजन मारलं की मशीनवर शून्य दिसतं, रस्त्यावर थरथर तशीच. त्याच वेळी टायरच्या साइडवॉलवरून तळहात फिरवा, दोन्ही बाजूंनी. कुठे फुगा लागला तर आतले धागे तुटलेत. तो टायर बदलायचा, दुरुस्ती नाही.

चाकं परत बसवताना: हबचा चेहरा वायरब्रशने साफ, बोल्टच्या आट्यांना ऑइल-ग्रीस नाही (ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो), हाताने आटे धरवून मग स्टार पद्धतीने आवळणं. शेवटचा टॉर्क टॉर्क पान्यानेच. बऱ्याच गाड्यांत तो १२० ते १४० न्यूटन मीटर असतो, काहींत जास्त. तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. इम्पॅक्ट गनने कचाकच आवळू देऊ नका. ५० ते १०० किमीनंतर चाकं गार असताना पुन्हा तपासा.

लालपट्टी

तिसरा आणि पाचवा मी घेतो.

खरखर: डिस्क ओतीव लोखंडाची, पाणी लागलं की काही तासांत गंजाचा पातळ थर येतो. दोन-चार ब्रेकमध्ये जातो. धुतल्यावर लगेच हँडब्रेक लावून ठेवू नका, नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात. छोटी चक्कर मारून चार-पाच वेळा हलका ब्रेक लावा, डिस्क कोरड्या होतील, मग उभी करा. पुढेमागे जोरात ब्रेक वापरून थांबलात तर उतारावर पेडल घट्ट दाबून बसू नका. तापलेला पॅड एकाच जागी डिस्कवर थर सोडतो. ब्रेक लावल्यावर जी थरथर येते आणि लोक 'डिस्क वाकली' म्हणतात, ती पुष्कळदा या थराची असते.

पार्किंगमधली उडी: रुंद आणि कडक रबराचे स्पोर्ट टायर थंड असताना, पूर्ण वळवलेल्या स्थितीत आतलं आणि बाहेरचं चाक आपापल्या वर्तुळावर फिरू शकत नाही, म्हणून रबर घसटतं आणि सुटतं. दोष नव्हे. टायर तापल्यावरही तसंच होत असेल किंवा कटकट असा धातूचा आवाज येत असेल, तर मात्र ड्राइव्हशाफ्टचा (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याचा) सीव्ही जॉइंट, म्हणजे सांधा, दाखवा.

ऑइल: नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंग बसेपर्यंत थोडं जातं. हजार किमीला अर्धा लिटरपर्यंतचा खप काही कंपन्या चालण्यासारखा धरतात, पण तो चांगला म्हणता येणार नाही. मिन ते मॅक्स साधारण एक लिटर. सपाट जागा, इंजिन गरम, बंद करून पाच मिनिटं, मग मोजा. दर वेळी असंच, आणि रीडिंगसह लिहून ठेवा. मॅक्सच्या वर भरू नका. पातळी वाढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर ते जास्त वाईट, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय.

एक जोड: वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पूर्ण रेस देऊन गाडी ओढायला लावू नका. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात तिथेच ठिणगीच्या आधीच पेट होण्याचा धोका असतो, पिस्टन फुटू शकतो. गिअर खाली घ्या. ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. त्यात एपीआय (ऑइलच्या दर्जाचं अमेरिकन) मानक मागितलं असेल तर एसपी बघा, २०२० साली आलेल्या त्या मानकात या त्रासाची चाचणी आहे.

तिसरागिअर

खूप खूप आभार. कोड पुसला नाही. पी०३०३ एकटाच आहे, पी०२९९ नाही. फ्रीझ फ्रेम: ४१५० आरपीएम, लोड ९४ टक्के, कूलंट ९१ अंश. पुढच्या डाव्या रिमच्या आत रिकामा चौकोन दिसला, नटबोल्ट म्हणाले तसाच! फुगा कुठे नाही. आता तिसऱ्या सिलिंडरचं काय करू? वॉरंटी आहे, मी हात लावावा का?

बूस्टगेज

एकाच सिलिंडरला, पूर्ण लोडवर, इंजिन व्यवस्थित गरम असताना. बूस्ट गळती असती तर बहुधा चारही सिलिंडर रडले असते. आता कॉइल, प्लग, नाहीतर इंजेक्टर, आणि तपास याच क्रमाने.

वॉरंटी असताना स्वतः काही खोलू नका, पण सर्व्हिस सेंटरला काय करायला सांगायचं ते माहीत असू द्या. तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिलीची तिसऱ्यावर. फक्त कॉइल, बाकी काही हलवायचं नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. मग त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला छोटा जोर. पी०३०१ आला तर कॉइल गेली. पी०३०३ च राहिला तर प्लगची अदलाबदल, इंजिन गार झाल्यावरच, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना प्लग काढला तर आटे जातात. काढलेल्या प्लगची चिनी माती उजेडात फिरवून बघा. वरपासून खालपर्यंत काळपट उभी रेघ असेल तर वीज तिथूनच पळत होती. इरिडियम प्लगचं अंतर हत्याराने दाबून-ताणून बसवू देऊ नका, मधलं टोक तुटतं. नवा प्लगच घाला. प्लग बदलूनही दोष तिसऱ्यावरच राहिला, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन चाचणी.

जॉबकार्डवर "पिकअप कमी" असं लिहू देऊ नका. लिहून घ्या: "पूर्ण लोडवर ४००० आरपीएमच्या आसपास मिसफायर, सिलिंडर ३, दिवा लुकलुकतो, फ्रीझ फ्रेम सेव्ह आहे." टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसा, नाहीतर ते गाडी आवारात सावकाश फिरवून "काही नाही" म्हणून परत देतील.

नटबोल्ट

त्याच फेरीत पुढची दोन्ही चाकं बॅलन्स करून घ्या. डाव्याचं वजन पडलंय म्हणून फक्त डावंच नको. वजन चिकटवायच्या आधी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला सांगा आणि चिकटवल्यावर दिवसभर तरी जेटवॉश टाळा. रिमवर सीलंट लावणार असाल तर ते बॅलन्सिंगनंतर. सीलंटच्या थरावर वजन टिकत नाही.