कॉलेजला कशाने जायचात? बस, लोकल, वडाप की स्वतःची गाडी

कृष्णाकाठ
लेकीला कर्वे रस्त्यावरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आम्ही राहतो चिंचवडला. तेव्हापासून घरात एकच विषय, स्कूटी की मेट्रो. बाबा मेट्रोच्या बाजूने, आजी चक्क स्कूटीच्या बाजूने, आणि लेक म्हणते, "आधी टाइमटेबल तर हातात येऊ दे." तिच्या या वाक्यासरशी मला माझी अकरावी आठवली.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, कॉलेज तालुक्याला. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत, त्यामुळे पैशांचं फारसं अडत नव्हतं. अडायचं परतीच्या गाडीपाशी. सव्वापाचची गेली की त्यानंतर थेट मुक्कामाची गाडी, रात्री आठनंतर. आणि सायन्सची प्रॅक्टिकल सुटायची साडेपाचला. आर्ट्सवाल्या दुपारीच मोकळ्या. झालं! आमच्या गावच्या मुली आर्ट्सला. दहावीला गणितात वर्गात पहिली आलेली माझी मैत्रीणसुद्धा आर्ट्सला गेली, कारण रात्री तिला फाट्यावरून घरी न्यायला कोणी नव्हतं. माझे चुलते दुधाचे कॅन घालून यायला एम-एटी घेऊन तालुक्याला असायचे, ते मला मागे बसवून आणायचे. म्हणून मी सायन्सला. दोघींत फरक एवढाच. "पोरीला सायन्स झेपलं नसतं" असं लोक तिच्याबद्दल बोलायचे, त्याची चीड मला आजही येते.

मला वाटतं मुलांची आवड, हौस, पेट्रोलचा भाव हे सगळं नंतर. शेवटची गाडी किती वाजता आहे, त्यावर सगळं ठरतं. तुमचं कसं होतं? कशाने जायचात आणि ते ठरवलं कुणी? सविस्तर लिहा.

रानवारा
वडाप!! म्हणजे आमच्याकडची शेअर जीप.
उंब्रज ते कराड. आत माणसं कोंबलेली, आम्ही पोरं मागे लटकून नाहीतर टपावर. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर, एका मांडीवर बसून स्टेअरिंग धरायचा आणि गिअर बदलायचा झाला की शेजारचा पाव्हणा पाय आकसून घ्यायचा. आज माझ्या पोराला त्यात बसू देणार नाही. पण त्या ड्रायव्हरमामाचं एक सांगतो, बोर्डाच्या पेपरला पोरांना आधी बसवायचा. सुटे नसले तर "संध्याकाळी दे रं, पेपर लिही जा." बाकीचं रात्री लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

खिडकीवाली
डोंबिवली ते माटुंगा, इंजिनिअरिंगची चार वर्षं. ठरवायचं काय त्यात, लोकल म्हणजे लोकलच. बाबांची स्कूटर होती दारात, पण ती भाजी आणायला आणि आजीला दवाखान्यात न्यायला. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म आणायचा, खिडकीवर द्यायचा, पास तिमाही काढायचा म्हणजे रांगेत कमी वेळा उभं राहावं लागतं.

माझी आठवण आहे ती ड्रॉइंग शीटच्या नळकांड्याची. खांद्याला अडकवलेलं ते लांबडं नळकांडं घेऊन सकाळच्या गर्दीत चढायचं म्हणजे परीक्षाच. पहिल्या दिवशी सगळ्या बायका वैतागल्या. आठवडाभरात ओळख झाली, मग मी दारात दिसले रे दिसले की "आलं गं इंजिनिअरचं!" करत ते डोक्यांवरून हातोहात रॅकवर पोचायचं. एक मावशी मटार सोलता सोलता माझी व्हायव्हाची तयारी घ्यायच्या, वही त्यांच्या हातात आणि मी उभी. सबमिशनच्या काळात झोप लागली तर स्टेशन आलं की उठवायच्या. स्कूटरवर हे मिळालं नसतं.

पाटीपेन्सिल
ड्रॉइंगच्या रेघा मारायचा ड्राफ्टर अजून वापरतात का हो? माझा माळ्यावर आहे, पिशवीसकट.

खिडकीवाली
पहिल्या वर्षाला बऱ्याच ठिकाणी लागतो अजून. कॉलेजच्या गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे देऊन ठेवा, तो गरजूला देईल.

पाटीपेन्सिल
बरं झालं सांगितलंत. नाहीतर बायको भंगारात देणार होती.

सेकंड_इयर
मी सध्या शिकतोय म्हणून लिहितो. कॉलेज वाघोलीच्या पुढे, रूम येरवड्याला. मेट्रो रामवाडीपर्यंत, तिथून पुढे नगर रस्त्याला बस. बस मिळाली तरी ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल सांगता येत नाही आणि पहिल्या तासाची हजेरी गेली की गेली. ७५ टक्के नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणून सेकंडहँड बाइक घेतली.
दुसरं कारण कोणी लिहिलं नाही. मी रात्री जेवणाची पार्सलं पोचवतो. गाडी नसेल तर हे काम नाही, काम नसेल तर मेसचे पैसे नाहीत. आमच्या मजल्यावरची निम्मी पोरं हेच करतात. घरी सोयाबीनला भाव नाही, वडिलांकडे मागवत नाही. हौस म्हणून गाडी घेतली असं नातेवाईक म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. चला, ऑर्डर आली.

अंगतपंगत
बाळा, पावसात सावकाश चालव रे. आणि जेवून निघत जा. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

रानवारा
भावा, लई कष्ट करतोयस. आई-बापाला अभिमान असणार. टायर बघून घे पावसाळ्याआधी, सेकंडहँडला तेच दगा देतात.

अंगतपंगत
मी विरुद्ध बाजूने लिहिते. माझा धाकटा भाऊ अकरावीत असताना मित्राच्या गाडीवर मागे बसला होता. दोघांनाही लायसन नाही, हेल्मेट नाही. पाय वाचला, पण जिना चढताना आजही कळतं. म्हणून आमच्या घरात अठरा पूर्ण होईपर्यंत किल्ली मिळत नाही.
पालकांना एक विनंती. सोळाव्या वर्षी जे लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. "बिनगिअरची आहे, चालतं" म्हणून मुलांना दिल्या जातात त्या गाड्या ११० आणि १२५ सीसीच्या असतात, त्या लायसनवर त्या चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. क्लासच्या बाहेर संध्याकाळी उभं राहून बघा, किती दहावीतली मुलं गाड्या काढतात. पोटात गोळा येतो.

कृष्णाकाठ
अंगतपंगत, भावाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. लेकीला अठरा व्हायला अजून वेळ आहे, हे वाचून आजींना दाखवते.

वऱ्हाडी_मास्तर
नमस्कार. विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडे निळी बस येते, मानव विकासची, मुलींसाठी. १२५ मागास तालुक्यांत ही योजना आहे. शिवाय ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत. ही बस सुरू झाल्यावर सातवीनंतर घरी बसणाऱ्या पोरी दहावीपर्यंत येऊन राहिल्या, हे मी माझ्या हजेरीपटावर पाहिलं आहे.

कृष्णाकाठताईंनी सायन्सचं लिहिलं ते वाचून सांगावंसं वाटलं. आमच्या मुख्याध्यापकांनी बसचं वेळापत्रक ऑफिसात चिकटवलं आणि त्यावरून शाळेचे तास बसवले. विज्ञानाचे प्रयोग सकाळी, खेळाचा तास शेवटी, म्हणजे बस लवकर आली तरी पोरींचं अभ्यासाचं नुकसान नाही. एक कागद बदलला, खर्च शून्य. कॉलेजांनी हे का करू नये? पोट्टे मात्र सायकलीने येतात, काळीपिवळी शेअर टॅक्सी परवडत नाही.

कृष्णाकाठ
मास्तर, तुमच्या मुख्याध्यापकांना माझा नमस्कार सांगा. आमच्या वेळी एका तरी सरांना हे सुचलं असतं तर माझी मैत्रीण आज कुठे असती. तिलाच पाठवते तुमचा प्रतिसाद.

दर्यावर्दी
म्हापसा-पणजी. कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" करत ढकलायचा. अंधार पडला की गावाकडच्या बसेस कमी, त्यामुळे आमच्याकडे अठरावा वाढदिवस झाला की लायसन आणि स्कूटर ठरलेलीच. पणजीत पार्किंग शोधण्यात जातो तेवढ्या वेळात चालत पोचलो असतो.

आखनची_आई
मुलगा जर्मनीत आखनला मास्टर्स करतोय. तिथे सेमिस्टरच्या फीमध्येच देशभराच्या लोकल गाड्यांचं तिकीट असतं. २०२५ मध्ये महिन्याला ३४.८० युरो पडले, इतरांना तेच ५८ ला. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना चालत नाही, बाकी बस, ट्राम, रेल्वे सगळीकडे चालतं. प्रत्येकाने पैसे आधीच भरलेले, म्हणून कुणी गाडीचा विचारच करत नाही असं तो म्हणतो. इथे नाशिकला असताना हाच मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात गाडीने जायचा! आपल्याकडे प्रवेश घेतानाच पास फीमध्ये धरून दिला तर? बस भरून जातील, मग फेऱ्या वाढवाव्याच लागतील. (तो आता भाकरी करायला शिकलाय, फोटो पाठवतो रोज.)

अंगतपंगत
भाकरी? पीठ कुठून आणतो? माझी भाची म्युनिकला आहे, तिला हवंय.

आखनची_आई
इंडियन दुकानात ज्वारीचं मिळतं म्हणे. विचारून सांगते.

कसबेकर
सायकल कोणीच लिहिली नाही? ऐंशीच्या दशकात कसब्यातून फर्ग्युसन रस्त्याला आम्ही सगळे सायकलवर. कॉलेजचा सायकलस्टँड भरून वाहायचा, संध्याकाळी आपली सायकल ओढून काढताना शेजारच्या चार पडायच्या. डायनामो चाकाला टेकला की पायडल जड व्हायचं, म्हणून चांदणं असलं की दिवा बंद. लूना घेतलेला मुलगा म्हणजे श्रीमंत. पुणं सायकलींचं शहर म्हणायचे ते उगीच नाही. आता त्याच रस्त्याने सायकल चालवायला माझी नात घाबरते आणि मला तिला आग्रह करवत नाही. रस्त्यावर तिच्यासाठी जागाच ठेवलेली नाही.
कृष्णाकाठ, तुमच्या लेकीला माझ्या मते मेट्रो. पीसीएमसीहून बसायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायची, गरवारे कॉलेजला उतरायचं. विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे.

कृष्णाकाठ
काका, मेट्रोचं पटतंय. घरापासून पीसीएमसी स्टेशनपर्यंतचाच प्रश्न आहे, शेअर रिक्षा सकाळी मिळते, संध्याकाळी भरवसा नाही. आणि टाइमटेबल काल आलं, आठवड्यात दोन दिवस प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत! फरक इतकाच की मेट्रो रात्रीपर्यंत आहे. लेक म्हणते स्टेशनपर्यंत सायकलने जाते.

कसबेकर
मग माझ्याकडे नातीची सायकल पडून आहे, लेडीज, कॅरिअरसकट. हवी असेल तर घेऊन जा. पैसे नकोत.

कृष्णाकाठ
खरंच? तिची उंची पाच फूट दोन इंच. चालेल ना?

कसबेकर
चालेल, सीट खाली-वर होते. मागची ट्यूब बदलावी लागेल आणि कुलूप नवीन घ्या, जुन्याची किल्ली हरवली आहे. रविवारी सकाळी दहानंतर या, फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.