समुद्राच्या पाण्यात पडलेला फोन : सल्ला हवा (बजेट २०००, नवीन फोन सुचवू नये)

कुंडलिका
नमस्कार मंडळी. काल बाबांना घेऊन जंजिऱ्याला गेलो होतो, राजपुरीहून शिडाच्या होडीने. किल्ल्याच्या दरवाजाशी उतरताना होडी हलली आणि बाबांच्या शर्टाच्या वरच्या खिशातला फोन पाण्यात. नशिबाने पाण्याखालच्या पायरीवर अडकला, होडीवाल्याने हात घालून काढला. दोनेक मिनिटं पाण्यात होता. काढला तेव्हा चक्क चालू होता. बाबांनी शर्टाला पुसला आणि मी शेजारी उभी असताना मलाच फोन लावून दाखवला. आवाज घोगरा येत होता. घरी पोचेपर्यंत बंद पडला. रात्री चार्जिंगला लावला तर कंपनीचं नाव एकदा झळकलं आणि गेलं.

फोन साधा अँड्रॉइड आहे, तीन वर्षं जुना, घेतला तेव्हा चौदा हजारांचा. फोनचं मला फार नाही. पण आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे व्हिडिओ त्यातच आहेत. ती त्यात जात्यावरच्या ओव्या म्हणतेय आणि आता ती नाही. 'जागा संपली' असा निरोप सारखा येतो म्हणून बाबांनी बॅकअप बंद करून ठेवला होता. आम्ही रोह्याला असतो. पनवेल किंवा मुंबईला जाता येईल. काय करावं?

तात्या_नाशिककर
काही काळजी करू नका. सरळ तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा, वर झाकण घट्ट. आमचा फोन रामकुंडात पडला होता, ऐन पर्वणीच्या गर्दीत. तांदळात ठेवला, आजही त्याच फोनवरून हे टंकतोय. गोदामाईची कृपा.

पेठेतला_एक
नवीन सुचवू नका असं लिहिलंय ते वाचलं. तरी सुचवतो. चौदा हजारांच्या तीन वर्षं जुन्या फोनवर दोन हजार घालणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. त्यात थोडे घालून आयपी-६८ वाला, म्हणजे पाणी आत न जाण्याच्या दर्जाचा घ्या, प्रश्नच मिटला. मी मागच्या दिवाळीत घेतला, पंचावन्न हजार. नळाखाली धरून धुतो, साबण लावून.

उगाचच
@पेठेतला_एक 'थोडे घालून'? त्रेपन्न हजार थोडे?

बे_एरिया_बाबू
तांदूळ ही अंधश्रद्धा आहे. खुद्द ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये लिहून टाकलं की फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. तोंड खाली करून हातावर हळू आपटायचा, पाणी निघू द्यायचं, मग हवेशीर जागी ठेवायचा. हेअर ड्रायर नाही, दाबाची हवा नाही, चार्जिंगच्या भोकात कापूस घालणं नाही. पूर्ण सुकायला चोवीस तासही लागू शकतात. इथे आम्ही विम्याची योजना घेतो, फोन पडला की दुसरा मिळतो. भारतात लोक विमा का घेत नाहीत मला कळत नाही.

मिरजेची_वैनी
तांदळाचंच विचारते, जुना घ्यायचा की नवा? नव्या तांदळात आधीच ओल असते. माझ्या धाकट्या जावेने इंद्रायणीत ठेवला होता तर चार्जिंगच्या भोकात कणी अडकली, ती काढायला दुकानदाराने दोनशे घेतले. नंतर त्या तांदळाचा भात केला ते वेगळंच.

तात्या_नाशिककर
आंबेमोहोर वापरायचा होता.

सोल्डरवाला
मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, ठाणे. बरीच वर्षं बोर्डाचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी एक करा. तो फोन पुन्हा चार्जिंगला लावू नका. 'बघू या होतो का चालू' म्हणून बटणही दाबू नका. गोड्या पाण्यात पडलेला फोन आणि खाऱ्या पाण्यात पडलेला फोन ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. बॅटरी आत जोडलेलीच असते, त्यामुळे ओल्या बोर्डावर करंट फिरत राहतो आणि तांबं अक्षरशः खाल्लं जातं. चार्जर लावला की तेच आणखी जोरात होतं. तुम्ही फोन उघडलात तर चार्जिंगच्या टोकाशी हिरवट-पांढरी भुकटी दिसेल, आम्ही त्याला कार्बन धरला म्हणतो.

आणि सुकवण्याचं म्हणाल तर समुद्राच्या पाण्याच्या बाबतीत नुसत्या सुकवण्याने अर्धंच काम होतं. पाणी उडून जातं, मीठ आतच राहतं. पावसाळी हवेत ते मीठ पुन्हा ओल ओढतं. मग आठ दिवस बरा चाललेला फोन एका सकाळी मेलेला सापडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'पाण्यात पडला त्याला तर महिना झाला.' खरं तर बाहेर काढल्यावर लगेच बंद करून गोड्या पाण्याने खळबळून घ्यायला हवा होता. ऐकायला विचित्र वाटतं, पण मीठ जायला दुसरा उपाय नाही.

आता करायचं काम : पाठ उघडणे, बॅटरीची पट्टी सोडवणे, बोर्ड बाहेर काढून चिपांवरची धातूची झाकणं (पत्रे) उचलणे, नव्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुणे, जमल्यास अल्ट्रासॉनिकच्या टाकीत (ध्वनिलहरींनी मळ सुटतो ती) घालणे, सुकवणे, मग शॉर्ट कुठे आहे ते पाहणे. मी एवढ्याचे आठशे ते बाराशे घेतो. चार्जिंगचा छोटा बोर्ड बदलावा लागला तर वर तीन-चारशे. तुमच्या बजेटात बसतं. मात्र जितका उशीर तितका कार्बन.

सर्व्हिसग्रस्त
अधिकृत सेवाकेंद्राच्या नादी लागू नका एवढंच सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. सिमच्या खाचेत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. काउंटरवरच्या मुलाने टॉर्च मारून त्यात बघितलं आणि 'लिक्विड डॅमेज, वॉरंटी बाद' म्हणून कागद पुढे सरकवला. मग साडेनऊ हजारांचा अंदाज दिला, त्यात मदरबोर्ड बदलणार. मी विचारलं, फोटो? तर म्हणे सर, नवीन बोर्ड म्हणजे नवीन मेमरी. जुना बोर्ड परत मागितला तर तो कंपनीकडे जातो म्हणाले. बायकोच्या बाळंतपणाचे फोटो होते हो.

पेठेतला_एक
म्हणूनच म्हणतो, आयपी-६८.

नांदेडचा_अभियंता
आयपी-६८ च्या भरवशावर साबण लावून धुणाऱ्यांसाठी. ती चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर गोड्या पाण्यात होते. समुद्र, पोहण्याच्या तलावातलं क्लोरिन, साबण यांतलं काही तिच्यात येत नाही. शिवाय कडेचं रबर आणि गोंद वर्षागणिक सैल पडत जातात. ऑस्ट्रेलियात २०२२ साली न्यायालयाने सॅमसंगला याच बाबतीत १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. जाहिरातीत माणसं फोन घेऊन तलावात आणि समुद्रात दाखवली होती, आणि फोन ओला असताना चार्जिंगला लावला तर पोर्ट गंजू शकतं हे कंपनीनेच कबूल केलं. इटलीत २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोचा दंड झाला, पाण्याला दाद देत नाही अशी जाहिरात आणि पाणी गेलं तर वॉरंटी नाही, अशा दुटप्पीपणाबद्दल.

पेठेतला_एक
माझा अजून चालू आहे. तुमचा?

कोल्लापुरी_भावा
ताई, हेअर ड्रायर मारा निवांत. आमच्या मित्राचा फोन रंकाळ्यात पडलेला, ड्रायर मारला, सुरू झाला की. डिस्प्लेवर एक पिवळा डाग पडलाय फक्त. तेवढं चालतंय.

इतिहासप्रेमी_मुरुड
धाग्याचा विषय नाही पण राहवत नाही. जंजिऱ्याला जाता आणि समोरचा पद्मदुर्ग कोणी बघत नाही. महाराजांनी सिद्दीच्या नाकासमोर बांधलेला किल्ला आहे तो. फोन पडायचाच होता तर निदान तिकडे जाताना पडायचा.

उगाचच
पद्मदुर्गाला होड्या नेहमी मिळत नाहीत हो. आम्ही दोनदा परत आलो.

इतिहासप्रेमी_मुरुड
आधी कोळी बांधवांशी बोलून ठरवायचं असतं. भरती-ओहोटी बघून. मुंबईची माणसं अकरा वाजता उठून येतात आणि होडी नाही म्हणून बोंबलतात.

उगाचच
मी मुंबईचा नाही, डोंबिवलीचा आहे.

कुंडलिका
सगळ्यांचे आभार. सोल्डरवाला, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. तोवर त्यांनी फोन तांदळात ठेवून, तो डबा गच्चीवर उन्हात ठेवलेला होता. आत्ता काढलाय. गरम लागतोय. ठाण्याला यायला रविवारच उजाडेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊ का? की रोह्यातच बाबांच्या मित्राच्या मुलाचं दुकान आहे, तो म्हणतो 'आणा काका, बघतो'.

सिमवाली_मावशी
बाकी सगळे विसरले ते मी सांगते. सिम काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घाला, बँकेचे ओटीपी, गॅसचं बुकिंग सगळं त्यावर असतं. सिम खारं झालं असेल तर साध्या पाण्याने धुऊन, पुसून घाला. चालतं. उगाच डुप्लिकेट काढायला धावू नका, नवीन सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात. आमच्या ह्यांचं पेन्शन बघायचं होतं आणि नेमका तोच दिवस.

कुंडलिका
@सिमवाली_मावशी हे फार कामाचं. घातलं, चालू आहे. मेमरी कार्डही काढलं, पण त्यात फक्त गाणी निघाली.

सोल्डरवाला
ताई, कोणाकडेही द्या, लॅमिंग्टन रोडला द्या नाहीतर रोह्यात. पण देताना एक वाक्य पहिल्यांदा बोला : 'फोन नको, आतले व्हिडिओ हवेत.' दोन्हीचं काम वेगळं होतं. फोन दुरुस्त करायचा म्हटलं की कारागीर डिस्प्ले, चार्जिंग, स्पीकर यांच्या मागे लागतो, आणि वैतागून शेवटी बोर्ड बदलू म्हणतो. डेटाच हवा असेल तर बोर्ड कसाबसा एकदा जिवंत करायचा. कॅमेरा, माईक, बोटाचा ठसा, सगळं गेलं तरी बेहत्तर.

आणि 'मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावू' असं कोणी म्हणालं तर फोन उचलून घरी या. आजच्या फोनमधला मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप काढली की कुलूप राहिलं एकीकडे, किल्ली दुसरीकडे.

मित्राच्या मुलाला एवढंच विचारा, पत्रे उचलून बोर्ड धुतोस का? नुसता वरून थिनर मारतो म्हणाला तर देऊ नका. आणि बॅटरी जुनी लावून चालू करू देऊ नका, खारं पाणी लागलेली बॅटरी फुगते.

बे_एरिया_बाबू
तुम्ही डेटा रिकव्हरीच्या व्यावसायिक प्रयोगशाळेकडे का पाठवत नाही? इथे हजारेक डॉलरमध्ये होतं.

मिरजेची_वैनी
बजेट २००० रुपये लिहिलंय हो भाऊजी, डॉलर नाही.

वऱ्हाडी_बाप्पा
बाप्पा, एवढा खटाटोप कायले? रोह्यातल्या पोराकडे देऊ नका, हात साफ करून घेईन तो तुमच्या फोनवर. लॅमिंग्टन रोडलेच जा. तिथं भाव करा, सांगतील त्याच्या अर्ध्यावर येतात.

पेठेतला_एक
लॅमिंग्टन रोडच. अनुमोदन.

नांदेडचा_अभियंता
+१ लॅमिंग्टन रोड. अल्ट्रासॉनिक यंत्र गावात नसणार.

तात्या_नाशिककर
तांदळात पुरता ठेवलाच नाही तुम्ही. तीन दिवस लागतात.

कुंडलिका
मंडळी, सगळ्यांनी लॅमिंग्टन रोड सांगितलं आणि बाबा रोह्यातच देऊन आले. 'ओळखीचा मुलगा आहे' या पुढे माझं काही चाललं नाही. पण मी दुकानात गेले आणि ते वाक्य बोलले. त्याने माझ्यासमोर पाठ उघडली. चार्जिंगच्या छोट्या बोर्डावर खरोखर हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. मोठ्या बोर्डाच्या पत्र्याखाली मिठाचे बारीक खडे, नखाने काढता येतील असे. पत्रे उचलून धुतलं. अल्ट्रासॉनिक यंत्र त्याच्याकडे नव्हतं, अल्कोहोल होतं. चार्जिंगचा बोर्ड दुसरा घातला, बॅटरी दुसरी.

फोन चालू झाला! डिस्प्ले दिसतोय पण टच पूर्ण मेलेला. आणि बंद होऊन चालू झालेला फोन आधी पासवर्ड मागतो, बोटाचा ठसा चालत नाही. पासवर्ड टाकणार कसा? सगळे हताश. मग त्या मुलाने ड्रॉवरमधून एक छोटी ओटीजी वायर काढली आणि कॉम्प्युटरचा माऊस फोनला जोडला. पडद्यावर चक्क बाण आला. बाबांनी माऊसने आकडे दाबले आणि फोन उघडला. व्हिडिओ एका रात्रीत वायफायवरून वर चढवले, आणि शिवाय पेन ड्राइव्हवर घेतले. चौतीस ओव्या आहेत. एकूण खर्च अठराशे.

सोल्डरवाला
वा! पोराने काम चोख केलंय. माऊसची युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, टच गेलेल्या फोनला बहुतेक वेळा चालते. आता फोन मात्र ठेवून द्या. सगळं मीठ निघालंच असेल असं सांगता येत नाही.

पेठेतला_एक
म्हणजे शेवटी नवीन घ्यावा लागणारच.

कुंडलिका
बाबा ऐकत नाहीत. म्हणतात चालतोय की. माऊस खिशात घेऊन फिरतात, रोहा स्टेशनवर बाकावर मांडी घालून मांडीवर माऊस फिरवत व्हॉट्सॲप बघतात. काल तिकीट तपासनीस उभं राहून बघत होते.

सोल्डरवाला
काकांना सांगा, पाठीची काच उचललेली वाटली किंवा फोन टेबलावर ठेवला की डुगडुगायला लागला तर त्याच दिवशी बंद करा. बॅटरी आणि चार्जिंगचा छोटा बोर्ड नवा आहे, पण चार्जिंग सांभाळणारा भाग धुतलेल्या मोठ्या बोर्डावरच आहे. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू देऊ नका.

कुंडलिका
सांगितलं. ओट्यावर लावतात आता, तांदळाच्या डब्याशेजारी.

तात्या_नाशिककर
शेजारी ठेवून उपयोग नाही, आत ठेवायचा.