क्लबहाउसमध्ये वाटलेल्या रोल-ऑन बाटल्यांबद्दल (सोसायटी ग्रुप)

स्नेहल ए-५०२: मागच्या रविवारी क्लबहाउसमध्ये वैशालीताईंच्या तेलांच्या कार्यशाळेत डासांसाठी रोल-ऑन वाटले ते कोणी कोणी मुलांना लावताय? प्लीज आत्ताच्या आत्ता थांबवा. चिनूच्या दोन्ही हातांवर आणि मानेमागे लालभडक चट्टे उठलेत, रात्रभर खाजवून रडत होता, आत्ता डॉक्टरांकडून घरी येतोय. फोटो टाकते.

स्नेहल ए-५०२: 📷

सेक्रेटरी: काळजी घ्या मॅडम 🙏

गोखले काकू सी-६०१: अगंबाई! केवढं उठलंय गं. उष्णता झाली असेल, सब्जा दे भिजवून.

वैशाली बी-३०४: स्नेहल वाचून वाईट वाटलं. पण एवढ्या घरांत बाटल्या गेल्यात, कोणाचीच तक्रार नाही. सगळी तेलं शंभर टक्के नॅचरल आहेत, केमिकल एक थेंबही नाही. खाण्यात काही वेगळं आलंय का बघ जरा.

स्नेहल ए-५०२: खाण्यात काही नाही आलं ताई. जिथे जिथे रोल-ऑन फिरवला तिथेच पट्टे आहेत. अगदी रेघा दिसतायत फोटोत.

कर्वे ए-१०१: लॉबीतील सुगंधी तेलाचा वास पसरवणारा डिफ्यूझर कृपया बंद करावा. हिला दम्याचा त्रास आहे. आधीही लिहिले होते.

निखिल बी-१०५: पण डास पळाले का? 😄

स्नेहल ए-५०२: निखिल प्लीज, आज नको.

जाधव बी-४०१: डिफ्यूझरचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. गणपतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे त्यात गेले ते कोणाला विचारून? मला कुठलाही ठराव आठवत नाही.

सेक्रेटरी: जाधव साहेब तो विषय मीटिंगमध्ये घेऊया.

जाधव बी-४०१: मीटिंगला कोरम होत नाही हे आपणही जाणता.

मुग्धा सी-२०३: स्नेहल, डॉक्टरांनी जे मलम दिलंय तेच लाव, दुसरं काही नको, सब्जा प्यायला दिला तर हरकत नाही पण कातडीवर कोरफड हळद असलं काही लावू नकोस आत्ता. वैशालीताई, एका बाटलीत कुठलं तेल किती थेंब घातलं होतं ते सांगाल का? भांडायला नाही विचारत, मी क्रीम-लोशनच्या लॅबमध्ये काम करते, रोज हेच मोजत असते.

वैशाली बी-३०४: १० एमएलची बाटली. सिट्रोनेला १५, लेमनग्रास १५, लवंग १०. वरून खोबरेल. ज्या कोर्समध्ये शिकले तिथलीच रेसिपी आहे.

मुग्धा सी-२०३: एक एमएलमध्ये साधारण २० थेंब बसतात. म्हणजे ४० थेंब = २ एमएल, म्हणजे बाटलीचा पाचवा भाग नुसतं इसेन्शियल ऑइल, म्हणजे झाडापानांतून काढलेलं तीव्र वासाचं तेल, २० टक्के झालं. मोठ्या माणसाच्या अंगाला २ टक्के म्हणजे १० एमएलमध्ये सगळी मिळून ४ थेंब. चेहऱ्याला त्याच्याही निम्मं किंवा कमी. आणि हे सौम्य तेलांचं सांगतेय. लवंग तेल बहुतेक सगळं युजेनॉल नावाचं कातडीला झोंबणारं द्रव्यच असतं, त्याची मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरतात, इथे ५ टक्के झालंय. लेमनग्रासमध्ये सिट्रल असतं, तेही तसंच, त्याचंही ०.७ टक्क्यापर्यंतच ठेवतात, इथे साडेसात. म्हणजे दोन्ही तेलं दहा दहा पट. चार वर्षांच्या मुलाच्या कातडीला हे झेपणारच नाही.

वैशाली बी-३०४: लवंग आपण रोज मसाल्यात खातो मुग्धा.

मुग्धा सी-२०३: खातो ताई, एक-दोन लवंगा अख्ख्या पातेल्यात. तेल काढताना किलोकिलोने माल वाफेवर चढवतात तेव्हा छोटी बाटली भरते. झाडातून आलं म्हणून सौम्य असं नसतं हो. बिब्बाही झाडाचाच, तो अंगावर उतला की काय होतं ते काकूंना विचारा.

गोखले काकू सी-६०१: बिब्ब्याचं खरं आहे. माझ्या आत्येच्या पायावर शेवटपर्यंत डाग होता.

कर्वे ए-१०१: लॉबीतील डिफ्यूझर कृपया बंद करावा.

वैशाली बी-३०४: मी स्वतःच्या खर्चाने तेलं आणली, रविवारची सकाळ दिली. डेंग्यूच्या भीतीने सगळेच मागे लागले होते करा करा म्हणून. आता मीच गुन्हेगार झाले.

प्राची ए-३०३: वैशाली तुला कोणी गुन्हेगार म्हणत नाहीये. पण मला एक विचारायचंय मुग्धा. कार्यशाळेत चेहरा उजळायला लिंबाचं तेल सांगितलं होतं ना, मी मानेला आणि गालाला लावून सकाळी वॉकला जात होते. आता मानेवर काळपट ओघळ आलेत, सासूबाई म्हणतात घाण साचली, घासून घासून बेजार झाले पण जात नाही.

मुग्धा सी-२०३: अगं घासू नकोस!! ती घाण नाही, उन्हाने भाजलंय. लिंबू, बर्गमॉट, ग्रेपफ्रूट ह्यांची सालं दाबून जे तेल काढतात त्यात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की एक-दोन दिवसांनी लाल होतं, कधी फोड येतात, आणि मग काळे डाग राहतात ते आठवडे काय महिनेही जात नाहीत. जिथे तेल ओघळलं तिथेच डाग, म्हणून ओघळासारखं दिसतंय. उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवरही असंच होतं. हे तेल लावलं तर निदान १२ तास त्या जागेला ऊन नको, आणि आपल्याकडच्या उन्हात मी तर म्हणेन चेहऱ्याला लावूच नका. आता मान झाकून बाहेर पड, सनस्क्रीन लाव आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखव.

प्राची ए-३०३: बापरे. आणि मी डाग जावेत म्हणून परत तेच लावत होते.

निखिल बी-१०५: मग लिंबू सरबतही घरातच प्यायचं 😄

जाधव बी-४०१: निखिल, तुमची कार अजून व्हिजिटरच्या जागेत आहे.

निखिल बी-१०५: काका पाच मिनिटं.

जाधव बी-४०१: पाच मिनिटं कालपासून चालू आहेत.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून लिहावे 🙏

स्नेहल ए-५०२: मुग्धा, आईंनी घाबरून लगेच पाण्याने धुतलं होतं पण तो जास्तच ओरडायला लागला. असं का?

मुग्धा सी-२०३: तेल पाण्यात विरघळत नाही ना, नुसत्या पाण्याने ते निघत नाही, पसरतं. आग व्हायला लागली की आधी साधं खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल कापसावर घेऊन पुसून काढायचं, दोन-तीनदा, मग साबण आणि कोमट पाणी. डोळ्यात गेलं तर मात्र वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि थेट डॉक्टर. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्या, थेंब पाण्यावर तरंगत राहतात आणि तसेच्या तसे कातडीला चिकटतात, नाजूक जागी तर फारच आग होते.

गोखले काकू सी-६०१: आमच्या वेळी ओवा नि कापराची पुरचुंडी बाळाच्या झबल्याला बांधायचे, सर्दीला उत्तम. नातवाला बांधलीये मी.

मुग्धा सी-२०३: काकू हात जोडते, काढा ती. बाळ तोंडात घालतं सगळं. कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान मुलांना आकडी येते. नीलगिरीचंही तसंच, बंगळुरूच्या न्यूरॉलॉजिस्टांनी नीलगिरीच्या वासाने मोठ्या माणसांना झटके आलेल्या केसेस २०१७ मध्ये छापल्यात. छातीला चोळायच्या त्या बामच्या डबीवरही दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. पुदिन्याचं सत तर बाळाच्या नाकाजवळही नको, श्वास अडकू शकतो.

गोखले काकू सी-६०१: आमची पोरं नाही का वाढली.

मेधा सी-६०१: आई, काढली मी पुरचुंडी. मुग्धा थँक्यू गं.

कर्वे ए-१०१: सर्वांना विनंती, लॉबीतील डिफ्यूझर बंद करावा. हिला काल रात्री दोनदा पंप घ्यावा लागला.

मुग्धा सी-२०३: सेक्रेटरी साहेब, ह्यांच्या मेसेजकडे कोणीच बघत नाहीये. बंद करा तो डिफ्यूझर. घरात ज्याला हवा त्याने खिडकी उघडी ठेवून अर्धा-पाऊण तास लावावा, पण लॉबीतून प्रत्येकाला जावंच लागतं, तिथे नाक बंद करून कसं जाणार माणूस.

वैशाली बी-३०४: लॉबीत गटाराचा वास येतो म्हणून लावला होता. तो चेंबर पावसाळ्याआधी दुरुस्त होणार होता.

सेक्रेटरी: चेंबरचे कोटेशन आले आहे. डिफ्यूझर वॉचमनला सांगून आत्ता बंद करतो.

जाधव बी-४०१: कोटेशन किती जणांकडून मागवलं?

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला आहे.

प्रसाद ए-४०४: कोणीतरी पार्किंगमधल्या मांजरीला पिसवांसाठी टी ट्री तेल लावलंय का? कालपासून लटपटत चालतेय.

राणे बी-२०२: लावलं मी. माझ्या बाईकच्या सीटवर झोपते रोज, सीट फाडून ठेवलीये. वर तुम्ही खायला घालता.

प्रसाद ए-४०४: सीटचा राग मुक्या जनावरावर काढायचा का राणे?

राणे बी-२०२: राग नाही, औषध म्हणून लावलं.

मुग्धा सी-२०३: मांजराचं यकृत ही तेलं नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही, कातडीतून गेलं किंवा चाटून पोटात गेलं तरी विषबाधा होते. लटपटणं हेच लक्षण. प्रसाद, आत्ता व्हेटकडे ने, उद्यावर नको.

प्रसाद ए-४०४: निघालो.

राणे बी-२०२: मी गाडी काढतो. बास्केट आहे का कोणाकडे?

प्राची ए-३०३: माझ्याकडे आहे, खाली आणते.

दीपक बी-५०३: मी टी ट्री वर्षानुवर्षं वापरतोय, फोडांवर थेट लावतो, कधी काही झालं नाही. हल्ली मात्र आग होतेय. बाटली तीच, २०२१ मध्ये घेतलेली.

मुग्धा सी-२०३: ती कुठे ठेवलीये? बाथरूमच्या खिडकीत ना?

दीपक बी-५०३: हो, कसं ओळखलं?

मुग्धा सी-२०३: सगळे तिथेच ठेवतात. ऊन आणि हवा लागून तेल जुनं झालं की त्यात नवीन द्रव्यं तयार होतात आणि ॲलर्जी मुख्यतः त्यांनीच होते. टी ट्री, लॅव्हेंडर, लिंबू-संत्र्याची तेलं ह्यांचं तर हमखास. काळी बाटली, घट्ट झाकण, थंड जागा, उघडल्याची तारीख लिहून ठेवायची आणि वर्षाच्या आत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची, फरशी पुसायला चालेल असंही नाही. तुमची तर टाकाच. आणि दीपकदादा, 'इतकी वर्षं काही झालं नाही' ह्यावर जाऊ नका. आग होणं वेगळं, ॲलर्जी वेगळी. ॲलर्जी वापरून वापरूनच जडते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते, मग एक थेंबही पुरतो. लवंग-दालचिनीची जडली तर टूथपेस्ट, साबण, अत्तर सगळीकडे शोधत बसावं लागतं.

स्नेहल ए-५०२: चिनूला तसं झालं असेल का? डॉक्टर म्हणाले पुन्हा कधी झालं तर पॅच टेस्ट करू.

मुग्धा सी-२०३: पहिल्यांदाच लावलं होतं आणि लावल्या लावल्या झालं, म्हणून मला तरी ती तीव्र तेलाने झालेली जळजळ वाटते, पण ते डॉक्टरच ठरवतील. पॅच टेस्टला घाबरू नकोस, पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि नंतर परत एकदा बघतात कारण ॲलर्जी उशिरा उमटते. तोपर्यंत वासाचं काहीही नको त्याच्या अंगाला. आणि घरी कोणी नवीन तेल आणलं तर आधी पातळ करून कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब, दोन दिवस थांबून बघायचं. पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणजे चालतं असं नाही.

वैशाली बी-३०४: हे सगळं रविवारी येऊन सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

मुग्धा सी-२०३: मला बोलावलं असतंत तर आले असते ताई.

सेक्रेटरी: 🙏🙏

जाधव बी-४०१: गुडघ्याला गंधपुरा तेल लावतो मी, ते तरी चालेल का? वरून गरम पाण्याची पिशवी घेतो.

मुग्धा सी-२०३: काका तुमचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय ना, रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी चालू आहे?

जाधव बी-४०१: होय.

मुग्धा सी-२०३: मग आज संध्याकाळपासून बंद. गंधपुऱ्यात मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या घरातलं, कातडीतून रक्तात जातं आणि वॉरफरिनचा जोर वाढवतं, रक्तस्राव होऊ शकतो. गरम पिशवीने तर अजून जास्त शोषलं जातं. उद्या डॉक्टरांना फोन करून सांगा, ते रक्ततपासणी सांगतील. आणि बाटली नातवंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, चमचाभर तेलात साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो, लहान मुलाच्या जिवावर बेततं.

जाधव बी-४०१: हे कोणी सांगितलं नव्हतं. आभारी आहे.

मुग्धा सी-२०३: कुठलंही तेल मुलाच्या पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका, फुप्फुसात उतरतं. सरळ हॉस्पिटल, बाटली बरोबर घेऊन. एम्स दिल्लीचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास असतं, १८०० ११६ ११७, सेव्ह करा.

प्राची ए-३०३: पिन करा कोणीतरी हा मेसेज.

कर्वे ए-१०१: डिफ्यूझर बंद झाल्याचे आत्ता खाली जाऊन पाहिले. आभार.

सेक्रेटरी: रोल-ऑनच्या सर्व बाटल्या उद्या सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये जमा कराव्यात.

वैशाली बी-३०४: मी स्वतः घरोघरी येऊन नेते. वॉचमनची पोरं तिथेच खेळतात, केबिनमध्ये नकोत.

स्नेहल ए-५०२: हे बरं होईल ताई. माझी दारातच ठेवलीये. मग मुलांना डासांसाठी काय करायचं?

मुग्धा सी-२०३: मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या, खिडक्यांना जाळ्या. सिट्रोनेलाचा असर तसाही तासा-दोन तासांत उतरतो. केमिस्टकडून काही घ्यायचंच तर चिनूच्या डॉक्टरांना विचारून, आणि चट्टे पूर्ण गेल्यावरच. खरं काम टेरेसवर आहे, सी विंगच्या टाकीशेजारी ते फुटके ड्रम पडलेत, पाणी भरलंय, अळ्या मी स्वतः बघितल्यात.

निखिल बी-१०५: उद्या सकाळी आठला मी आणि दीपकदादा ड्रम रिकामे करतो. अजून दोघं लागतील.

दीपक बी-५०३: येतो.

जाधव बी-४०१: ते ड्रम कोणाचे आहेत ते आधी विचारा.

राणे बी-२०२: व्हेटकडे पोचलो. सलाइन लावतायत.