अनुभव धागा: शहरातली प्रयोगशील शाळा, गावाकडच्या पालकांनी आधी काय पाहावं?

पांढरमाती (धागा सुरू करताना)

जानेवारी लागला की वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या खेड्यांत एक विचारणा हमखास सुरू होते. नागपुरात किंवा अमरावतीत ‘वेगळी’ शाळा आहे म्हणतात, छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलं हातानं करून शिकतात. पोराला तिथं टाकावं का? माहितीपत्रकात झाडाखाली बसलेली मुलं दिसतात, बाकी काही कळत नाही. म्हणून हा धागा. अशा शाळांत शिकवणारे, कार्यालयात बसणारे, पालक समितीवर काम केलेले आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक, सगळ्यांनी लिहावं ही विनंती. शाळेचं नाव नको. काय तपासायचं, कधी तपासायचं आणि चुकतं कुठं, एवढं लिहा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याला शहरानं दिलेली नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या उद्योगाच्या आधारानं, हे तिथं ठरलं आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम मांडला. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ पासून त्याच वाटेवर पुन्हा चालू आहे, तेही मराठीतून. तेव्हा प्रयोग म्हणजे शहर आणि शहर म्हणजे इंग्रजी, असं समजू नका.

पळसफूल (प्राथमिक शिक्षिका)

वर्ग पाहायला मागा. प्रदर्शनाचा किंवा स्नेहसंमेलनाचा दिवस नको. साधा मंगळवार-बुधवार, जेवणाच्या सुट्टीआधीचा तास. मागे पाऊण तास गप्प बसा. शाळा नाही म्हणाली तर कारण विचारा, पण तेही एक उत्तरच आहे.

दुसरीच्या चार-पाच वह्या उघडा. सगळ्यांत तेच वाक्य असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे, मग भिंतीवर कितीही रंगीत कागद असोत. मुलाचं स्वतःचं लेखन लगेच ओळखू येतं. ‘बाबा वावरात गेले. मी डबा नेला. कुत्रं मांगं मांगं आलं.’ ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं आहे, पण बाईंनी वाक्य लाल शाईनं खोडलेलं नाही. खाली विचारलं आहे, ‘कुत्र्याचं नाव काय?’ आणि त्याखाली मुलानं उत्तर लिहिलं आहे. अशी वही दिसली की त्या वर्गात खरं काम चालू आहे.

भाषेकडे कान ठेवा. मूल ‘मले समजलं नाही’ म्हणालं आणि वर्ग हसला, तर बाई काय करतात? ‘मला म्हण’ एवढं सांगून पुढं गेल्या, तर ते मूल महिनाभरात बोलणं सोडतं. चांगली शिक्षिका आधी शंकेचं उत्तर देते आणि लिहिण्याच्या वेळी दोन्ही रूपं फळ्यावर मांडते. घरी गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी हा मुद्दा दुपटीनं महत्त्वाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे.

आता ‘उपक्रम’. वजन शिकवायचं आहे, वर्गात कापूस आला. मुलांनी सरकी बोटांनी काढली, रुई वेगळी तोलली, सरकी वेगळी तोलली. साधारण तिसरा हिस्सा रुई भरते, बाकी सरकी, हे त्यांना स्वतःलाच सापडतं. मग क्विंटलचा हिशेब, १०० किलोंत ३३-३४ किलो रुई. तिथून अपूर्णांक, तिथून शेकडेवारी, तिथून ‘बाबा सरकीसकट कापूस विकतात, मग रुईचा भाव कोणाला मिळतो?’ हा प्रश्न. याला उपक्रम म्हणतात. थर्माकोलचं कापसाचं झाड करून आणणं हा उपक्रम नव्हे, ती आईबापाची रात्र आहे.

बिघडतं ते इथं: कापूस तोलून होतो, फोटो निघतो आणि वहीतली मांडणी राहून जाते. हात चालला पण नोंद झाली नाही, तर गणित आलं नाही. म्हणून कोणत्याही उपक्रमाबद्दल विचारा, ‘याची मुलाच्या हातची नोंद दाखवता का?’

आणखी एक. दुसरी संपताना मुलाला अनोळखी गोष्ट अडखळत का होईना वाचता यायला हवी. येत नसेल तर काय करता, कोण करतं, आठवड्यातून किती वेळ, हे विचारा. ‘आपापल्या गतीनं शिकेल’ हे उत्तर मला अजिबात चालत नाही. गती मुलाची, पण जबाबदारी शाळेची. पहिली ते पाचवीला कायद्यानं ३० मुलांमागं एक शिक्षक लागतो. ४५-५० मुलांच्या वर्गात हे सगळं होणं कठीण.

बांधावरची बोर (शाळा कार्यालय)

वर्गाचं झालं. आता कागद. बहुतेक गावाकडची कुटुंबं इथंच अडकतात, आणि तेही दहा वर्षांनी कळतं.

प्रवेशाच्या दिवशी मुलाची नोंद जनरल रजिस्टरमध्ये होते, ज्याला आपण दाखलखारीज म्हणतो. पुढचा प्रत्येक शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून निघतो. ती ओळ स्वतः वाचा. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ गाव-तालुका-जिल्ह्यासह, धर्म, जात. जन्मदाखला, आधार आणि ही ओळ, तिन्हीकडं अक्षर न अक्षर सारखं हवं. ‘रामदास’ एकीकडं आणि ‘रामदासजी’ दुसरीकडं, एवढ्यावरून पुढं प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते, शाळा सोडल्यावर फार अवघड.

जातीचा रकाना नीट पाहा. काही प्रयोगशील शाळा तत्त्व म्हणून जात विचारत नाहीत, रकाना कोरा सोडतात किंवा नुसतं ‘हिंदू’ लिहितात. हेतू चांगला आहे, मी त्याचा आदर करतो. पण बारावीनंतर जात वैधतेसाठी समितीसमोर शाळेचाच पुरावा जातो. वर्गात जात नको, रजिस्टरात हवी, असं स्पष्ट सांगा. आणि ती आजोबा-वडिलांच्या दाखल्यावर जशी आहे तशीच लिहून घ्या, पोटजातीसकट. हलबा, माना, गोवारी अशा समाजांच्या मुलांनी तर विशेष. आजोबांचा दाखला गावच्या शाळेतून आत्ताच काढून ठेवा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा धरला जातो. जुन्या शाळांची रजिस्टरं वाळवीनं जातात, थांबू नका.

शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदणीतला शाळेचा क्रमांक, मागून घ्या. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला तो असतो. नसेल तर ती शाळा नाही, वर्ग आहे. मान्यता नेमकी कितवीपर्यंत, तेही विचारा. ‘पुढचे वर्ग प्रस्तावित आहेत’ याचा अर्थ आज मान्यता नाही.

जुन्या शाळेतून दाखला निघाला तरी काम संपत नाही. मुलाला यूडायसवर पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक, असतो. जुन्या शाळेनं नाव पोर्टलवरच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकलं, तरच नवीन शाळा ते ओढून घेऊ शकते. गावच्या गुरुजींकडून हे करून झाल्याची खात्री करूनच निघा.

सरकीपेंड

फीबद्दल. जूनमध्ये बियाणं-खत आणि जूनमध्येच फीचा पहिला हप्ता. कापसाचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो, सोयाबीनचा थोडा आधी. हे शहरातल्या शाळेला आपोआप कळत नाही. प्रवेशाच्या वेळीच लेखी मागा: थोडी रक्कम जूनमध्ये, मोठा हप्ता डिसेंबर-जानेवारीत. अशा शाळा बहुधा ऐकून घेतात, फक्त आधी विचारावं लागतं. सप्टेंबरमध्ये थकबाकी झाल्यावर विचारलं की ती विनंती राहत नाही, अडचण होते.

महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा आणि त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात, प्रत्येक इयत्तेचा एक पालक. फीचा प्रस्ताव व्यवस्थापनानं पुढच्या वर्षाच्या सहा महिने आधी या समितीपुढं ठेवायचा आणि ठरलेली फी दोन वर्षं टिकते. समितीत गावाकडचा पालक नसेल, तर सहलीची रक्कम आणि शनिवारची पालकसभा दोन्ही शहराच्या सोयीनं ठरतात. चिठ्ठीत नाव टाकाच. देणगी घेऊन प्रवेश देणं १९८७ च्या कायद्यानं बंद आहे. ‘ऐच्छिक निधी’ म्हणून मागितला तर पावती मागा.

विनाअनुदानित शाळेत पोषण आहार नाही, फुकट पाठ्यपुस्तकं नाहीत. हा खर्च फीच्या आकड्यात दिसत नाही.

जिल्हा परिषद गुरुजी

कोणती दारं बंद होतात, ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या सहावीपासूनच्या निवासी शाळेत, निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली लागतात. चौथीला नागपूरला नेलं की मूल शहरी गटात गेलं, घर आणि वावर गावात असलं तरी. नवोदयचा विचार असेल तर शहर सहावीपासून.

दुसरं, आठवीची एनएमएमएस परीक्षा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. निवड झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. पण ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला बसता येत नाही. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र बसता येतं. शाळा फॉर्म भरते का ते पाहा. कित्येक प्रयोगशील शाळा ‘आम्ही स्पर्धा परीक्षा घेत नाही’ म्हणून फॉर्म भरतच नाहीत. त्यांच्या भूमिकेचा मान ठेवूनही म्हणतो, फॉर्म भरायचा की नाही हे पालकाला ठरवू द्यावं.

पांढरमाती

गुरुजी, शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के मोफत जागांमधून शहरात प्रवेश मिळतो का? तीन पालकांनी निरोप पाठवून हेच विचारलं.

जिल्हा परिषद गुरुजी

गावच्या पत्त्यावर नाही. अंतर राहत्या घरापासून मोजतात, एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी. शहरात भाड्यानं राहत असाल तर अर्ज भरण्याआधीचा नोंदणीकृत भाडेकरार लागतो, साध्या कागदावरचा चालत नाही. प्रवेश फक्त शाळेच्या पहिल्या वर्गात, मधल्या इयत्तेत नाही. अल्पसंख्याक शाळांना हे लागू नाही. दुर्बल घटकासाठी एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून; वंचित घटकाला उत्पन्नाची अट नाही, जातीचं प्रमाणपत्र लागतं.

नववीची बाई

‘परीक्षा नाही’ हे अर्धवट ऐकलेलं असतं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून राज्यात सगळीकडंच आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) मूल्यमापन आहे. आकारिकचे गुण आधी धरले तर पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. प्रयोगशील शाळा यातला आकारिक भाग मनापासून करते, एवढाच फरक. प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंद असते. ‘गटात चांगली सहभागी होते’ ही नोंद निरुपयोगी. ‘तीन अंकी वजाबाकीत हातचा घेताना दशकस्थानी चुकते, काड्यांचे गठ्ठे वापरल्यास जमते’ ही खरी नोंद. शाळेकडून मागच्या वर्षीची, नाव झाकलेली एक नोंद पाहायला मागा. आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तिथंही राहिलं तर त्याच वर्गात.

खरा खड्डा आठवी-नववीच्या मधे येतो. शाळा आठवीपर्यंतच असेल तर मूल एकदम ६०-७० च्या वर्गात, तीन तासांच्या लेखी पेपरला जातं. विचार करण्याची सवय त्याला असते, वेळेत लिहिण्याची नसते. सातवीपासून आठवड्याला एक तास घड्याळ लावून लिहिणं, एवढ्यानं बराच फरक पडतो. शाळा ते करत नसेल तर घरी करा. सेमी-इंग्रजी असेल तर गणित-विज्ञानाच्या संज्ञा दोन्ही भाषांत वहीच्या मागे लिहून ठेवायला लावा. पुढं गावाजवळच्या मराठी शाळेत यायची वेळ आली तर मूल अडत नाही.

तूरकाठी

येण्याजाण्याचं थोडं. एसटीनं जायचं असेल तर ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, पाचवीपासून पुढं. मुलांना सवलतीचा पास, भाड्याच्या साधारण एक तृतीयांशात. शाळेची गाडी असेल तर पिवळी, सोबत मदतनीस, आणि शाळेत परिवहन समिती, हे पाहा. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तेव्हा पहिली एसटी वेळेवर पोहोचते का ते हिवाळ्यातच कंडक्टरला विचारून घ्या.

आणि शेवटचं, बोरबाई वर म्हणाल्या त्याला जोडून: तिकडचा प्रवेश लेखी पक्का झाल्याशिवाय गावच्या शाळेतून दाखला काढू नका. कमी पटाच्या शाळेत एक मूल गेलं तरी शिक्षकाची मंजूर पदं मोजताना फरक पडतो, आणि मूल परत आलं तर त्याच शाळेत यायचं असतं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पुण्याकडं पाठवणार असाल तर तिकडं मध्य जूनलाच सुरू होतात, दहा-बारा दिवस आधी निघावं लागेल.

बांधावरची बोर (शाळा कार्यालय)

तूरकाठी, बोरबाई नाही, बोरभाऊ. बाकी सगळं बरोबर. फक्त दाखला काढताना दोन प्रती मागा आणि मूळ प्रत नवीन शाळेत देण्याआधी तिची रंगीत झेरॉक्स घरी ठेवा. मूळ प्रत शाळेत जमा होते, परत मिळत नाही.