सोसायटीत मालक आणि भाडेकरू एकत्र कसे आणायचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात वाकडला एका सोसायटीत मॅनेजर आहे. चार विंग, 280 फ्लॅट, निम्म्याहून जास्त भाड्याने दिलेले. बहुतेक भाडेकरू हिंजवडीला आयटीत. टँकर, लिफ्ट, एसटीपी (सांडपाण्याचा प्लांट) ही रोजची कामं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आता कमिटीचा आदेश आलाय, 'लोकांमध्ये जरा आपलेपणा येईल असं काहीतरी करा.' कारण एजीएमला (वार्षिक सभेला) कोरमचे, म्हणजे किमान लागणारे, वीस जण गोळा करायला मला इंटरकॉमवर फोन करत बसावं लागतं.

कोजागरी करतो, हळदीकुंकू होतं, 26 जानेवारीला झेंडावंदन होतं. येतात ती तीच तोंडं. भाडेकरू फिरकत नाहीत, आणि मालक म्हणतात, 'त्यांना सोसायटीचं काही पडलेलंच नाही.' मला तसं वाटत नाही. गणपतीत आरतीच्या मानाची यादी सभासद नोंदवहीवरून निघते. सी विंगमध्ये एक तेलुगू जोडपं बरीच वर्षं राहतंय. रोज आरतीला येतात, मागे उभे राहतात, प्रसाद घेऊन जातात. त्यांच्या फ्लॅटची पाळी आली की माइकवर नाव पुकारलं जातं ते मालकाचं, आणि तो असतो न्यू जर्सीत! मग ताट ऐनवेळी कमिटीतल्याच कुणाच्या तरी हातात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही फक्त मालकांचा. पाणी येणार नाही हे भाडेकरूला वॉचमनकडून कळतं. ग्रुपवर पार्किंग आणि कुत्री सोडून तिसरा विषय नाही, ते सोडा.

मी पडलो पगारी माणूस. भाडेकरूंच्या बाजूने बोललो तर 'पगार कोण देतं?' हे ऐकावं लागेल. कमिटीला न दुखवता सुरुवात कुठून करू? आणि खर्च कशातून दाखवायचा? मॅनेजर किंवा कमिटीत असलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद 1
आरतीची यादी फ्लॅट नंबरवरून करा. 'सी-704' पुकारायचं, तिथे जो राहतो तो ताट धरेल. ठराव लागत नाही, कुणाचा हक्क जात नाही. आमच्याकडे (ठाणे) असंच आहे. शक्य असेल तर सेक्रेटरींच्या तोंडून सुचवा, तुमचं नाव पुढे करू नका.

प्रतिसाद 2
थोडं कडू बोलतो. मी भाडेकरू आहे. शिफ्टिंगचे पैसे वेगळे, क्लबहाऊस 'ओन्ली फॉर ओनर्स', बॅचलर असाल तर पाहुण्यांची वेगळी नोंद. वर कोजागरीचं दूध प्यायला या! बिनभोगवटा शुल्क (फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे तुमच्या कमिटीला माहीत आहे ना? मालक ते भाड्यात आमच्याकडूनच काढतो. आधी क्लबहाऊसवरची पाटी काढा.

प्रतिसाद 3
खर्चाचं: सांस्कृतिक कार्यक्रमासाठी एजीएममध्ये रक्कम मंजूर करून घ्या, नाहीतर ऑडिटर शेरा मारतो. एजीएम 30 सप्टेंबरच्या आत असते, त्यामुळे कोजागरीच्या आधी विषय उरकतो. वर्गणी मात्र ऐच्छिक ठेवा, मेन्टेनन्सच्या बिलात घुसवू नका. भाडेकरूला एजीएममध्ये मत नसतं, पण उपसमितीत काम करायला घ्यायला काय हरकत आहे?
अजून एक. गेटजवळच्या बाकावर संध्याकाळी कोण बसतं ते बघा. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा असतात. त्यांना वेळ असतो, आणि अख्ख्या विंगची माहितीही.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. फ्लॅट नंबरची यादी आजच सेक्रेटरींच्या कानावर घातली, ते 'बघू' म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही नव्हे. पाण्याच्या सूचनांसाठी सगळ्यांचा वेगळा ग्रुप काढतोय, फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असा, म्हणजे पार्किंगची भांडणं तिथे यायला नकोत.
प्रतिसाद 2, तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण ती पाटी चेअरमनसाहेबांनी स्वतः लावून घेतलीय. कुणी अशी पाटी काढायला लावली असेल तर कशी, ते जरा सविस्तर लिहा.