लात्वियाची संसद १९३४ साली इतक्या सहज कशी गेली?

बखरवाचक: १५ मे १९३४ च्या रात्री पंतप्रधान कार्लिस उल्मानिस यांनी संसद गुंडाळली, तीही रक्त न सांडता. १९१८ मध्ये स्वतंत्र लात्वियाचं पहिलं सरकार याच माणसाने चालवलं होतं, म्हणून जास्त जिव्हारी लागतं. दोष पक्षांच्या भाऊगर्दीचा का?

रीगानिवासी: भाऊगर्दी होतीच. १०० जागांच्या सायमात, म्हणजे लात्वियाच्या संसदेत, वीसहून जास्त पक्ष, सरकारं जेमतेम वर्षभर टिकायची, त्यात मंदी. पण संसद मेलेलीच होती, हे मला अजिबात पटत नाही. उल्मानिस यांच्याच पक्षाने, शेतकरी संघाने, आणलेल्या घटनादुरुस्तीवर तिथे काम चालू होतं! येकाबा रस्त्यावरच्या त्या इमारतीवरून मी रोज जातो. सायमा आजही तिथेच भरते. त्या रात्री युद्धमंत्री बालोदिस सोबतीला, आइझसार्गी हे सशस्त्र स्वयंसेवक हाताशी, आणि सोशल डेमोक्रॅट नेत्यांची धरपकड. सभापती पाउल्स काल्निन्श यांनाही उचललं. नंतर सगळेच पक्ष बंद, शेतकरी संघसुद्धा. राष्ट्राध्यक्ष क्विएसिस खुर्चीत बसून राहिले. १९३६ मध्ये त्यांची मुदत संपल्यावर तेही पद उल्मानिसांकडेच. मला खरा राग क्विएसिस यांचा येतो.

पूर्वरंग: एस्टोनियात सरकारप्रमुख पॅट्स यांनी दोनच महिने आधी हेच केलं. लिथुआनियात तर १९२६ मध्येच.

बखरवाचक: मग १९४० मध्ये?

रीगानिवासी: जूनमध्ये सोव्हिएत फौजा शिरल्या, तेव्हा निर्णय घेणारा एकच माणूस उरला होता, उल्मानिस. त्याने प्रतिकार केला नाही. १९४२ मध्ये तो सोव्हिएत कैदेत वारला. १९२२ ची राज्यघटना १९९३ मध्ये पुन्हा पूर्ण लागू झाली. आता सायमात जागा मिळवायला पक्षाला ५ टक्के मतं लागतात.